नेम आणि नळी

आमच्या देवासच्या घरी .३१५ बोअरची रायफल होती. लष्कराची .३०३ साध्या परवान्यावर मिळत नसे, म्हणून शेतीवाले लोक ही घेत. हरभऱ्यात डुकरं शिरत, त्यांच्यासाठी आजोबांनी ती ठेवली होती.

शिकारीची रायफल गोळ्या झाडून क्वचितच निकामी होते. बहुधा ती निगेनं किंवा हेळसांडीनं जाते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो, आणि नळी गरम पाण्यानं धुतली नाही तर एका पावसाळ्यात आत गंजाचे खड्डे पडतात. आजोबा हेळसांड करणारे नव्हते. ते रोज गज फिरवत, पण बोल्ट काढून मागून नव्हे, तोंडाकडून. गोळी ज्या कडेवरून शेवटी सुटते, तीच कडा गजानं घासत गेली. बाहेरून नळी आरशासारखी चकचकीत होती.

इंदूरच्या बंदूकवाल्यानं आत डोकावून सांगितलं होतं, “दादासाहब, एक बार काग़ज़ पर मारकर देख लीजिए.” आजोबा म्हणाले, काडतुसं महाग आहेत.

त्या हिवाळ्यात त्यांची गोळी एका डुकराच्या पुठ्ठ्यात बसली. जनावर रक्त सांडत नाल्यात शिरलं. तिसऱ्या दिवशी तिथं गवत कापायला गेलेल्या गड्याची मांडी त्यानं फाडली. गडी वाचला, पण जन्मभर लंगडला. औषधपाण्याचा खर्च आजोबांनी केला, आणि अखेरपर्यंत एकच सांगितलं: नेम बरोबर होता.

तो खरंच बरोबर होता. मी शेजारीच पालथा पडलो होतो.

गीता रोज वाचणारा माणूस. फळ आपल्या हाती नाही, हा त्यांचा आधार. मी बरीच वर्षं तो मान्य केला. आता वाटतं, नळी फळात मोडत नाही, ती कर्मातच मोडते. पाच गोळ्या आणि एक कागद एवढ्यावर जे कळलं असतं, ते त्यांनी कळू दिलं नाही. न कळणं आणि कळू न देणं यांत मला फरक दिसतो. त्यांना तो दिसत नव्हता, असं मात्र मी म्हणू शकत नाही.

चंपावतच्या वाघिणीनं ४३६ माणसं मारल्याची नोंद आहे. १९०७ मध्ये कॉर्बेटनं तिला मारलं, तेव्हा तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले आढळले. कधीतरी लागलेल्या गोळीनं ते गेले, म्हणून नेहमीची शिकार तिला जमेना, असा त्याचा निष्कर्ष. ती गोळी झाडणारा कोण होता? त्याचाही नेम बरोबर असेल.

आजोबांनंतर रायफल माझ्या परवान्यावर आली. १९७२ च्या कायद्यानंतर ती कपाटातच होती. परवा एका परवानाधारकानं मागितली. नळीवरून बोट फिरवत त्यानं विचारलं, “चालते ना?” मी म्हणालो, “उत्तम,” आणि रात्रभर झोपलो नाही.

रायफल क्लबच्या मैदानावर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, मी शंभर यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या. तीन कागदावर लागल्या, त्याही हातभर अंतरानं. एकीचं भोक लांबट होतं, म्हणजे गोळी आडवी होऊन गेली होती.

तो कागद मी गिऱ्हाईकापुढे ठेवला. त्यानं भोकांवर बोट ठेवून पाहिलं, आणि नवी नळी बसवायला किती लागतील ते विचारलं.