मिटणारी मूठ

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते पहाटेपासून वाहते असतात. भाजीच्या गाड्यांचे चालक दाढी उरकायला थांबतात, त्या दुकानातले काका आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरतात. परवा मात्र त्यांच्या हातात वडिलांच्या धोकटीतला जुना वस्तरा होता. पोलादी पातं शाबूत, शिंगाची मूठ तडकलेली. गिऱ्हाईक येण्याआधी ते ती मूठ बदलत होते.

पात्याला चिंधी गुंडाळून त्यांनी जुन्या पितळी खिळ्याचं डोकं कानशीनं घासलं आणि खिळा ठोकून काढला. शिसवीच्या दोन पातळ पट्ट्या जुन्या मुठीबरहुकूम कापून भोकं पाडली. मागच्या टोकाशी, दोन पट्ट्यांच्या मध्ये, बारीक पाचर बसवली. ती तिरकी बसली तर मिटताना धार एका पट्टीला घासते आणि जाते. शेवटी खिळा. जास्त ठोकला तर पातं अडतं, कमी ठोकला तर लटपटतं. म्हणून एक हलका घाव घालायचा, की उघडून-मिटून पाहायचं.

दाढी करताना बोटांची खरी पकड पात्याच्या मागच्या दांड्यावर असते; मूठ वर उभी राहते. तिचं मोठं काम वस्तरा मिटल्यावर सुरू होतं. पोलादाच्या धारेला शिंगाचं किंवा लाकडाचं मऊ घर लागतं.

मिटलेल्या वस्तऱ्यात किती बळ असतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. नवरा गेला की बाईचे केस उतरवायचे, ही रीत. तिला विचारायची रीत नव्हती. ज्यांचं पोट त्या हत्यारावर, त्यांनीच ते या कामापुरतं मिटलं. रोजीवर पाणी सोडून परक्या बाईची लाज आपली मानली. मला हे धैर्य फार मोठं वाटतं.

आपल्याही हाती काही ना काही धारदार असतंच: कुणाची सही, कुणाचा शब्द, कुणाचा हुकूम. ते परजण्यात आयुष्य जातं. ते सहज मिटतं का, हे पाहायचं राहून जातं. आज एखादं काम समोर येईल. ते आपल्याला येत असेल, त्याचे पैसे मिळत असतील, चारचौघांची संमतीही असेल. फक्त त्यानं कुणाची तरी मान खाली जाणार असेल. तेव्हा ‘मला येतं, पण मी करणार नाही’ एवढं सरळ म्हणता यावं. हातातल्या कसबाची खरी कसोटी तिथेच लागते.