ताटातलं नाव

आमच्या बँकेत काना-मात्रेचा फरक चालत नाही. आमगावकडची एखादी आजी पासबुकात 'धुरपता' आणि आधार कार्डावर 'द्रौपदी' निघाली, की मी तिला प्रतिज्ञापत्र आणायला पिटाळतो. बी. कॉम. झालेला माणूस मी. चूक सापडली की जेवण गोड लागतं.

परवा गोंदियाच्या वाचनालयात एका पुस्तकात 'इरिनी' हे नाव भेटलं. ही ग्रीकांची शांतिदेवी. इंग्रजीत तिची आयरीन झाली. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात केफिसोडोटस नावाच्या शिल्पकाराने तिचा पुतळा अथेन्ससाठी घडवला, तेव्हा तिच्या हातावर प्लूटोस हे बाळ दिलं. प्लूटोस म्हणजे संपत्ती! शांतता नांदली तरच ठेवी वाढतात, हे आमच्या हेड ऑफिसच्या आधी ग्रीकांना कळलं होतं तर.

घरी येऊन हे ज्ञान मी सौभाग्यवतीपुढे ओतलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे शांताच की जी! लग्नाआधी माझंच होतं ते."

मी गप्प. वीस वर्षांपूर्वी तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुनंदा' लिहिणारा मीच. ना अर्ज, ना साक्षीदार, ना प्रतिज्ञापत्र. ग्रीसमध्ये १९८३ च्या कायद्यापासून लग्नानंतर बाईचं कायदेशीर आडनावसुद्धा माहेरचंच राहतं. आपल्याकडेही नाव बदलाच, असं कुठलाच कायदा म्हणत नाही. म्हणतं ते ताट.

"तुला आवडलं नव्हतं का सुनंदा?"

"आता काहून विचारता?"

प्रेमानेच दिलं होतं, अशी मी मनाची समजूत घातली. पण देताना जे काढून घेतलं, त्याचं काय? जमेच्या बाजूला 'सुनंदा' नीट मांडलेली होती. 'नावे' बाजू मात्र मी वीस वर्षं कोरीच ठेवली होती. आणि लोकांची वेलांटी धरतो मी!

रात्री स्वयंपाकघराच्या दारातून हळूच हाक मारली, "शांता..."

सुनंदाला दोनतीन हाका माराव्या लागतात. शांताने पहिल्याच हाकेला वळून पाहिलं.

मला पाणी हवं होतं. माझं मीच घेतलं.