मोबाईलच्या नावानं खडे फोडणं पुरे

नववी 'ब'च्या पालकांनो, मोबाईलबद्दल तुमचं सगळ्यांचं बोलून झालं असेल तर आता मी बोलते. मध्ये कुणी बोलायचं नाही.

पहिल्या बाकावर बसूनही डोळे बारीक करून फळा वाचणारी मुलं दर वर्षी वाढताहेत, आणि तुमचं निदान ठरलेलं आहे: मोबाईल. मी मोबाईलची वकिली करायला उभी नाही. पण १८६७ साली कुठल्या पोराच्या हातात मोबाईल होता? त्या वर्षी तेव्हाच्या प्रशियातल्या ब्रेस्लाऊ शहरात हरमान कोन या डोळ्यांच्या डॉक्टरनं १०,०६० शाळकरी मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष छापले. खेड्यातल्या शाळांत लांबचं न दिसणारी मुलं शंभरात दोनसुद्धा नव्हती. विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या जिमनेजियममध्ये मात्र चारांत एक होतं. इयत्ता चढेल तसा चष्मा चढत होता. दीडशे वर्षांपूर्वी त्या माणसानं शाळेकडे बोट दाखवलं, आणि तुम्ही अजून पोरांच्या खिशाकडे दाखवताय.

"आमच्या घराण्यातच चष्मा आहे," असं मागून कोण म्हणालं? उभं राहून म्हणा. आनुवंशिकता आहेच, नाही कोण म्हणतंय? पण जेरुसलेममध्ये ८७० किशोरवयीन मुलामुलींची तपासणी झाली, ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. सनातनी ज्यू शाळांतल्या, दिवसभर बारीक टाईपातले धर्मग्रंथ वाचणाऱ्या मुलग्यांपैकी शंभरात ८१ जणांना मायनस नंबर होता. साध्या शाळांतल्या मुलग्यांत तो २७ जणांना. आणि त्याच सनातनी समाजातल्या मुलींना? ३६. समाज तोच, घरं तसलीच, फक्त मुलींच्या मानेवर एवढं वाचन नव्हतं. घराण्याचं नाव आता कुठे लावायचं ते सांगा.

दुसरं, चष्म्याचं कौतुक बंद करा. "अभ्यासू आहे ना, म्हणून चष्मा लागला!" हे शेजारणीला सांगताना काय तो आवाज चढतो! ब्रिटनमध्ये २०१८ साली जनुकांच्या आधारानं याची नीट छाननी झाली. शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे सुमारे पाव नंबर मायनसकडे सरकतो असं निघालं. उलट बाजूनं, म्हणजे जवळचंच दिसतं म्हणून मूल जास्त शिकतं, याला मात्र फारसा पुरावा मिळाला नाही. तेव्हा तो चष्मा म्हणजे हुशारीचं प्रशस्तिपत्रक नव्हे. आपण शिकवतो कसं, त्याची ती पावती आहे.

मायनस नंबर म्हणजे डोळ्याचा गोल मागच्या बाजूला लांबतो आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. एकदा लांबलेला डोळा परत आखूड होत नाही, गाजराच्या रसानंही नाही. आणि नंबर फार वाढला की पुढे दृष्टिपटल सुटण्याचा, काचबिंदूचा धोका वाढतो. या लांबण्याला आवर घालतो तो दिवसाचा उजेड. वर्गात उजेड असतो तीनशे ते पाचशे लक्स, तोही ट्यूबलाइट धड असेल तर. बाहेर उन्हात दहा हजारांच्या वर, झाडाच्या सावलीतसुद्धा वर्गाच्या कितीतरी पट. आणि आपण काय करतो? फळ्यावर चमक येते म्हणून पडदे ओढतो.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांवर प्रयोग झाला. १२ शाळा घेतल्या. निम्म्यांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना नंबर लागला होता, मैदानवाल्यांत ३०.४ टक्के. औषध नाही, यंत्र नाही, फक्त दार उघडलं. हे चीनमध्ये, जिथे अभ्यासाचा धोशा आपल्यापेक्षा कमी नाही! तैवाननं तर २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवायचा कार्यक्रमच घेतला.

आणि आपल्याकडे? पी.टी.चा तास बीजगणिताला द्यावा असा अर्ज याच सभेत आला होता, खाली अर्ध्या वर्गाच्या पालकांच्या सह्या. गणिताचे सर, तुम्ही हसू नका, तो तास तुम्हीच आनंदानं घेतलात. सकाळी सातला क्लास, मग शाळा, मग पुन्हा क्लास, रविवारी सराव परीक्षा. पोराला ऊन भेटणार कधी, रिक्षातून उतरताना?

आता एक कटू गोष्ट. नववीतल्या ज्यांना नंबर लागलाच आहे त्यांचा वेग नुसत्या मैदानानं फारसा थांबत नाही. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. ॲट्रोपिनचे सौम्य थेंब द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील, व्हॉट्सॲप नाही. चष्मा पूर्ण नंबराचा करा आणि लावू द्या. चष्मा लावल्यानं नंबर वाढत नाही. "मुलीची जात, चष्मा नको" म्हणून तिला अर्धवट दिसणारं जग देणाऱ्या आया इथे बसल्यात, मला नावं घ्यायला लावू नका. आणि घरी धाकटं पहिली-दुसरीत असेल, त्याला संध्याकाळी खाली खेळायला सोडा. त्याचं अजून वाचवता येईल.

सोमवारपासून पी.टी.चा तास पी.टी.लाच. मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप, डबा झाडाखाली. पाऊस असेल तर व्हरांड्यात.

शंका असतील तर विचारा. "पोर्शन कसा पूर्ण होणार" ही सोडून.