मोघम मापाचा फायदा कोणाला?

कायद्याने हद्द आखली की दुबळ्याला संरक्षण मिळाले, असे आपण धरून चालतो. ती हद्द कोणत्या मापाने आखली, हे मात्र कोणी विचारत नाही. छोट्या मच्छीमारासाठी राखलेले पाणी गोव्यात किलोमीटरने मोजतात, किनाऱ्यापासून पाच किलोमीटर. तामिळनाडूत ते सागरी मैलांत मोजतात. महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ट्रॉलरला मज्जाव झाला तो खोलीवरून, कुठे पाच वाव तर कुठे दहा वाव. राज्याची हद्द मात्र बारा सागरी मैल. हवामान खात्याचा वाऱ्याचा इशारा ताशी किलोमीटरमध्ये, लाटांची उंची मीटरमध्ये आणि बोटीवरच्या जीपीएसचा वेग नॉटमध्ये. एकाच फेरीत तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, ही सगळी मापे मनात फिरवत राहायचे.

ही अडचण नुसती आकडेमोडीची नाही. वाऱ्याचा वेग 'पंचेचाळीस' असे अर्धवट ऐकू आले, तर ते किलोमीटर की नॉट? ताशी ४५ किलोमीटर म्हणजे खवळलेला दर्या. ४५ नॉट म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर, चक्रीवादळाचा वारा. एकात सावध राहायचे, दुसऱ्यात बंदर गाठायचे. एका शब्दाच्या गफलतीवर खलाशांचा जीव टांगणीला लागतो.

वावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कागदावर वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. दोरीवर मात्र तो दोन्ही हात पसरून मोजायचा, आणि माणसागणिक हात वेगळे. दहा वावांत पाच फुटांचा फरक सहज पडतो. तळाचा उतार हजार मीटरला एक मीटर असेल, तर त्या पाच फुटांनी हद्द दीड किलोमीटर सरकते. शिवाय नकाशातली खोली नीचतम ओहोटीच्या पातळीपासून धरलेली असते, तर बोटीवरचे यंत्र त्या क्षणीची खोली दाखवते. मुंबईच्या पाण्यात उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. म्हणजे भरती चढेल तशी यंत्रावरची 'दहा वाव' खोली किनाऱ्याच्या जवळ येत जाते. अशा वेळी वाद झाला तर बाजी कोणाची? ज्याच्याकडे यंत्र आणि वकील, त्याची. किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराकडे दोन्ही नसतात.

कोणी म्हणेल, दर्यावर्दींची परंपरा मोडू नका. परंपरेत जे सकारण आहे ते मोडायचे कारणच नाही. सागरी मैल सकारण आहे. अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे जवळपास एक सागरी मैल, म्हणून नकाशाच्या कडेवरून अंतर थेट मोजता येते. १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत तो १८५२ मीटर असा पक्का झाला. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, तोही त्याच्याच हिशेबातला. ही दोन ठेवावीत. खोलीला मात्र मीटरच हवा. तांडेल बोलताना खुशाल वाव म्हणो. शासनाच्या आदेशात मोघम माप असता कामा नये.

सर्वांना एकच माप ही कल्पना आपल्याला परकी नाही. शिवकाळात शिवाजी महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची मोजणी केली तेव्हा पाच हात पाच मुठींची काठी ठरली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाला एकच आधार मिळाला. स्वतंत्र भारताने १९५६ च्या कायद्याने मण, शेर, तोळे मोडीत काढले. अडाणी गिऱ्हाईक दुकानदाराच्या मापाला फसू नये, हा त्यामागचा एक हेतू होता. बाजारातल्या गिऱ्हाइकाला जो न्याय मिळाला, तो समुद्रावरच्या मच्छीमाराला का नको?

मागणी साधी आहे. राखीव पाण्याची हद्द अक्षांश-रेखांशांनी आखा, म्हणजे ती भरतीबरोबर हलणार नाही. जिथे खोली सांगावीच लागेल तिथे ती मीटरमध्ये सांगा आणि कोणत्या पातळीपासून, तेही लिहा. वाऱ्याचा इशारा किलोमीटर आणि नॉट दोन्हींत, दर वेळी मापाचे नाव घेऊन, मराठीत द्या. मच्छीमार सोसायट्यांनीही प्रत्येक बंदरावर रूपांतराचा तक्ता लावावा आणि तरुण खलाशांकडून तो घोटून घ्यावा.

यासाठी मोठा खर्च नाही, नवे तंत्रज्ञान नाही. लागते ती हद्द स्पष्ट करण्याची इच्छा. अस्पष्ट हद्दीवर ज्यांचा धंदा चालतो, ते ती स्पष्ट करा म्हणून सांगायला येणार नाहीत. ते काम हद्द ज्यांच्यासाठी आखली त्यांनाच, एकत्र येऊन, करावे लागेल.