फिल्टरमधला मळ
घरच्या मत्स्यटाकीतला फिल्टर केवळ कचरा गाळत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया होतो. तो माशांना विषारी. स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातकच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्यापासून बरेच सौम्य नायट्रेट बनवतात. नव्या टाकीत ही वसाहत जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणूनच नळाखाली लख्ख धुतलेला स्पंज दिसायला छान, पण माशांच्या जिवावर उठणारा, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते. पाणी बदलताना टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-चारदा पिळावा. तपकिरी गढूळपणा सुटला की पुरे. थोडा मळकट राहिला तर उत्तमच. स्पंज फाटला किंवा पिळल्यावर फुगेनासा झाला तरच बदलावा, आणि नवा काही आठवडे जुन्यासोबत चालवावा. सक्रिय कोळशाचे मात्र वेगळे. त्याची शोषणशक्ती काही आठवड्यांत संपते, तेव्हा तो बदलावाच लागतो. मोटरच्या पंख्यावरचा बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने निघतो, अर्थात आधी प्लग काढून.