नेम आणि माग

बिबट्याने माणूस मारला की दोन दिवस टीव्हीवर वाद झडतो आणि तिसऱ्या दिवशी कुणाला तरी जुने शिकारी आठवतात. माणदेशात बिबट्यापेक्षा रानडुकराचा ताप मोठा. उरमोडीचे पाणी माण तालुक्यात आले, टेंभूचे आटपाडीत गेले, पाण्यामागून ऊस आला आणि उसात डुकरे आली. पण म्हसवडच्या बाजारात ऐकू येणारा सूर मुंबईच्या स्टुडिओतल्यापेक्षा वेगळा नाही. पूर्वीचा शिकारी एकनळी घेऊन निघे, एक बार भरे आणि एका बारात काम करी. जवळ दुसरी गोळीच नसल्यामुळे त्याच्या हाताला शिस्त होती. आता हत्यारे भारी झाली आणि माणसे हलकी.

ही समजूत तपासून पाहायला हवी, कारण मारण्याची परवानगी द्यावी की नाही या वादात दोन्हीकडची शहाणी माणसे शेवटी तिच्याच आसऱ्याला येतात. बाकीच्या भूमिकांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एकही जीव मारू नका म्हणणाऱ्याने पौषातल्या एका रात्री ज्वारीच्या राखणीला यावे. सगळी जनावरे संपवा म्हणणाऱ्याने लांडग्यांच्या डोक्यांवर इंग्रज सरकारने लावलेल्या बक्षिसांचा हिशेब वाचावा.

एका गोळीचे तत्त्वज्ञान मात्र पोरकट नाही, म्हणूनच ते फसवते. त्याचे म्हणणे असे: दुसरा बार तयार नसेल तर माणूस लांबून अंदाजे चाप ओढत नाही. तो वारा पाहतो, जवळ जातो, जनावर आडवे होईपर्यंत थांबतो. पाश्चात्त्य शिकाऱ्यांनी याची रीतसर नीती केली. फ्रेडरिक सेलूस आफ्रिकेत आधी ठासणीच्या अवजड बंदुका आणि पुढे फार्कर्सन पद्धतीची एकबारी रायफल घेऊन हिंडला. त्या रायफलीचे पेटंट १८७२चे. जनावराला निसटायची संधी राहिली पाहिजे, हे तत्त्व थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७मध्ये स्थापन केलेल्या क्लबाने उचलून धरले. मॅगझिनच्या रायफली सर्रास झाल्यावर अर्ध्याहून अधिक शतक उलटले, तेव्हा १९६७मध्ये रुगर कंपनीने एकबारी रायफल मुद्दाम नव्याने बाजारात आणली आणि ती खपली. गरज म्हणून नव्हे, व्रत म्हणून घेणारे गिऱ्हाईक होते.

मग अमेरिकेतले गवे कुणी संपवले? १८७०च्या दशकात तिथल्या मैदानांवर लाखोंचे कळप होते. कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी ते उडवले आणि त्यांची आवडती हत्यारे होती शार्प्स आणि रेमिंग्टन, दोन्ही एकबारी. शिकारी दोन-तीनशे यार्डांवर ठाण मांडून बसे, कळपाची म्होरकी गाय आधी पाडी आणि गोंधळलेल्या कळपाला सावकाश, एकेक बार भरत, टिपत जाई. नळी तापली की दुसरी रायफल घेई. घाई नव्हती, नेम अचूक होता, एका जनावराला एक गोळी हा हिशेबही बहुतेक जुळत होता. १८८९मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हॉर्नाडेने मोजदाद केली तेव्हा पाळीव धरूनही जनावरे हजाराच्या आसपास उरली होती. एका गोळीची शिस्त तिथे पुरेपूर पाळली गेली. ती काटकसर होती, काडतुसाला पैसे पडत होते म्हणून.

यावर उत्तर येते की तो धंदा होता, खरी शिकार वेगळी. ठीक. पण मग सद्गुण बंदुकीत नाही, हे कबूल झाले. तो धरणाऱ्याच्या हेतूत आहे म्हणावे, तर बंदुकीची स्तुती कशाला?

आणि आपल्याकडे एक बार हे व्रत कधी नव्हतेच. गावात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर जी बंदूक असे ती ठासणीची किंवा एकनळी, कारण तेवढीच परवडे. दारू ओतायची, चिंध्या ठासायच्या, वर छर्रे किंवा शिसे, पुन्हा गज, मग टोपी. रात्री उसाच्या कडेला आवाजावर उडवलेला असा बार डुकराला क्वचितच जागेवर पाडतो. बहुधा पोटात किंवा मागच्या फऱ्यात छर्रे घेऊन ते उसात शिरते. सेलूसने दुसरी गोळी सोडून दिली, या शेतकऱ्याला ती कधी मिळालीच नाही. दोघांना एकाच पंगतीत बसवून संयमाचे प्रशस्तिपत्र देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य देणे.

कायद्यालाही हा प्रश्न ठाऊक होता. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्याने शिकार सरसकट बंद केली नव्हती, हे आज फार थोड्यांना आठवते. विशेष, मोठी आणि छोटी असे शिकारीचे वर्ग होते, त्यांचे वेगवेगळे परवाने होते, आणि ज्याला आपण नुसते डुक्कर म्हणतो ते मोठ्या शिकारीच्या यादीत होते. मोठ्या जनावराला रायफलच वापरायची, रात्री नाही, दिव्याच्या झोतात नाही, गाडीतून नाही. संपूर्ण बंदी १९९१च्या दुरुस्तीने आली. माणसाला धोकादायक ठरलेल्या किंवा पीक नासणाऱ्या जनावरासाठी अकराव्या कलमाची वाट तेवढी उरली. म्हणजे आज म्हसवडच्या शिवारात परवानगी घेऊन कुणी डुक्कर मारले, तर तो जुन्या भाषेत मोठी शिकारच करतो आहे, तीही बहुधा त्या कायद्याला नको असलेल्या हत्याराने आणि नको असलेल्या वेळी.

पण गोळ्या मोजण्याच्या नादात खरा प्रश्न हातून निसटतो. गोळी चुकली तर पुढे काय?

कुमाऊँत १९०७ साली जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसे होती. मेल्यावर तिचे तोंड तपासले तेव्हा उजवीकडचे दोन्ही सुळे मोडलेले निघाले, वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. जुनी बंदुकीची जखम, हा कॉर्बेटचा निष्कर्ष. ती गोळी झाडणारा कोण, त्याच्या हाती किती नळ्यांची बंदूक होती, कुणालाच माहीत नाही. त्याने एकच बार काढला असेल आणि दुसरा न काढल्याबद्दल स्वतःला सभ्यही समजला असेल. जखमी वाघिणीच्या मागे तो गेला नाही, किंवा गेला तरी पोचला नाही. पुढचे ४३६ त्या न काढलेल्या मागाचे आहेत, असे मी म्हणतो, आणि यात अतिशयोक्ती असेल तर ती थोडीच.

आता उलट टोक पाहा. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली. एक गोळी, काम फत्ते. एका गोळीच्या कसोटीवर याहून निर्दोष शिकार सापडायची नाही. तरीही ती पसंत पडली नाही, आणि ते योग्यच झाले: रात्र का, गाडीतून का, बेशुद्धीचा डार्ट खरोखर मारला होता का, पशुवैद्य कुठे होते? सगळे प्रश्न गोळीच्या आधीचे आणि नंतरचे. गोळीची संख्या हा त्यातला सर्वांत निरर्थक तपशील होता.

म्हणून माझ्या लेखी बंदुकांचे वर्ग एकबारी आणि अनेकबारी असे पडत नाहीत. नेम धरणारा आणि माग काढणारा, असे माणसांचेच दोन वर्ग पडतात. शिकारकथांनी पहिल्याचे फोटो छापले. दुसरा फोटोच्या कडेला पागोटे बांधून उभा असतो आणि त्याचे नाव नसते. रक्ताचा थेंब गवताच्या कोणत्या उंचीवर लागला यावरून जखम पोटात की पायात हे त्याला कळे. जनावर बसून उठले की तसेच पळाले हेही कळे. साहेबाने मारलेले जनावर सापडायचे ते याच्यामुळे.

हे कसब आपल्या मुलखात नुसते जंगलापुरते नव्हते, त्याला कायद्याचे वजन होते. गावात चोरी झाली की रामोशाने माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या हद्दीत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर. नाही दाखवता आला तर भरपाई स्वतःची. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात गावच्या राखणदारीचे जे वर्णन केले त्यात ही रीत आहे. सुरुवात कुणी केली यापेक्षा पाठलाग कुठवर केला याचा जाब विचारणारी ही व्यवस्था होती. पुढे इंग्रजांनी याच कसबाच्या माणसांना संशयिताच्या यादीत टाकले. पारध्यांवर तर गुन्हेगार जमातीचा शिक्काच बसला. तो कायदा १९५२ साली गेला. पारधी पालावर पोलिसांचे जाणे अजून थांबलेले नाही. माणदेशात हरणाच्या खुरावरून वेळ सांगणारी माणसे आजही आहेत, पण वनखात्याच्या कागदावर ती आलीच तर आरोपी म्हणून येतात.

एकबारीच्या बाजूने एक गोष्ट मी मान्य करतो. दुसरा बार नसलेल्या माणसाला मागाची गरज आधी कळते, कारण त्याच्याजवळ दुसरे काही नसते. जुन्या शिकाऱ्यांची जी शिस्त लोकांना आठवते ती बहुधा इथली असावी. श्रेय मात्र बंदुकीला गेले.

परवानगीच्या अर्जात बंदुकीचा परवाना क्रमांक लागतो. माझी मागणी एवढीच की त्याच्या शेजारी माग काढणाऱ्याचे नाव असावे, त्याची मजुरी ठरलेली असावी, आणि असा माणूस सोबत नसेल तर चाप ओढायला मनाई असावी. यावर वेळ जाईल, पैसा कुठून येणार, असे आक्षेप येतील. छर्रे घेऊन उसात शिरलेले डुक्कर सकाळी तोडणीवाल्या बाईवर येते त्याचा खर्च कुणी मांडत नाही. म्हसवडला तर अडचण आणखी आहे. इथे जखमी झालेले जनावर राजेवाडीच्या तलावाकडे वळले की सातारा जिल्हा संपून सांगली लागतो, आणि वनविभागही बदलतो. हद्दीवर माग सुपूर्द करायची रीत दोनशे वर्षांपूर्वी रामोशांना ठाऊक होती. दोन वनविभागांनी ती लेखी ठरवायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही, एका बैठकीची आहे.