शस्त्र कोणाचे?

पितृपक्षातील श्राद्धे एरवी मृत्यूच्या तिथीशी बांधलेली असतात. भाद्रपद वद्य चतुर्दशी मात्र मरणाच्या प्रकाराशी बांधलेली आहे. शस्त्राने वा अपघाताने ज्यांचा अंत झाला, ते कोणत्याही तिथीस गेलेले असोत, त्यांचे श्राद्ध या दिवशी करावे असा शास्त्राचा दंडक असून, खानदेशाची दक्षिणकाशी समजल्या जाणाऱ्या प्रकाशा येथील तापी-गोमाईच्या संगमावर पितरांना पाणी सोडणारा माणूसही घात चतुर्दशीचे हे वेगळेपण ओळखून असतो. शस्त्र लागले एवढीच नोंद ही तिथी मागते. ते कोणाच्या हातून सुटले, याची चौकशी ती करीत नाही.

ही चौकशी नसणे किती मोलाचे आहे, ते नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांचे स्मरण करताना कळते. बालाकोटच्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 27 फेब्रुवारी 2019 रोजी, दोन्ही देशांची विमाने नियंत्रणरेषेवर झुंजत असताना श्रीनगरहून निघालेले त्यांचे एमआय-17 जातीचे हेलिकॉप्टर बडगाम जिल्ह्यात कोसळले आणि आतले सहाही जण प्राणांस मुकले. निनाद त्या वेळी 33 वर्षांचे होते. पुढे 4 ऑक्टोबर रोजी वायुदलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी जाहीर कबुली दिली, की हेलिकॉप्टरवर आदळलेले क्षेपणास्त्र आपलेच होते आणि ती आपली मोठी चूक होती.

आता वीराच्या सद्गतीविषयीची आपली परंपरागत कल्पना पाहावी. रणात सन्मुख पडलेला योद्धा योग्याप्रमाणे सूर्यमंडळ भेदून जातो असे महाभारत सांगते, आणि महाराष्ट्रातील गावोगावचे वीरगळ तीच कथा दगडात मांडतात: खाली युद्ध, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तो. या सबंध मांडणीत शत्रू समोर असणे गृहीत धरलेले आहे. खालच्या पट्टीत शत्रूच नसेल आणि आघात स्वपक्षाच्याच तळावरून आला असेल, तर वरच्या दोन पट्ट्या कोरण्याचा अधिकार शिल्पकाराला राहतो काय? माझ्या मते राहतो, कारण गीतेने क्षत्रियाचे श्रेय फळाच्या खात्यावर कधी जमा केलेलेच नाही. युद्धाच्या त्या सकाळी हुकमानुसार यंत्र आकाशात नेण्यास जो सिद्ध झाला, त्याचे कर्तव्य जमीन सोडतानाच पुरे झाले, आणि नंतरच्या प्रमादाचा हिशेब इतरांच्या नावे लिहावा लागतो. नंदुरबारकरांना हे परके वाटू नये. 9 सप्टेंबर 1942 रोजी मिरवणुकीत गोळी लागून पडलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती यांच्यावर हुकूम परक्या सत्तेचा चालला. बंदुकीच्या चापावरची बोटे मात्र बहुधा देशीच असावीत. तेवढ्यावरून त्यांच्या हौतात्म्यात या गावाने कधी उणे पाहिले नाही.

परंतु या युक्तिवादाचा गैरवापर फार सहज होतो. मृताचे श्रेय अबाधित आहे, तेव्हा मारणाऱ्याचा तपशील कशाला, असे म्हणून दप्तर बंद करण्याचा मोह प्रत्येक सरकारला आणि, खरे सांगायचे तर, स्मरणसभेतल्या वक्त्यांनाही होतो. येथे दशरथाची कथा आठवावी. त्यानेही लक्ष्य डोळ्यांनी पाहिले नव्हते. अंधारात घागर बुडल्याचा आवाज हत्तीचा समजून त्याने बाण सोडला आणि पाणी भरणारा मुनिकुमार कोसळला. वाल्मीकीचा दशरथ त्या मुनिकुमाराच्या सांगण्यावरून अंध मातापित्यांसमोर गेला, स्वमुखाने अपराध बोलला व त्यांना पुत्राच्या देहाजवळ घेऊन गेला. आणि वृद्ध पिता त्याला म्हणाला, की हे तू स्वतः सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाचे तुकडे झाले असते. अजाणता घडले म्हणून शाप टळला नाही, तो सौम्य झाला एवढेच. कबुलीला विलंब लागला, तर त्या काळापुरते मृताच्या आप्तांना खोट्या कारणासह पाणी सोडावे लागते. फेब्रुवारी ते ऑक्टोबर हे अंतर त्या दृष्टीने मला अल्प वाटत नाही. पण ती कबुली सर्वोच्च अधिकाऱ्याने आणि कोणताही आडपडदा न ठेवता दिली, हेही मान्य केलेच पाहिजे, कारण युद्धखात्यांच्या इतिहासात असे खुलासे विपुल नाहीत.

आणखी एक गोष्ट. हेलिकॉप्टर कोसळले तेथे जमिनीवरचा एक स्थानिक रहिवासीही मृत्युमुखी पडला. त्याने ना गणवेश घातला होता, ना कोणाचा हुकूम घेतला होता. त्यामुळे स्वधर्माचा जो आधार वैमानिकासाठी आपण उभा केला, तो त्याला लागू पडत नाही, आणि वीरगळाच्या तीन पट्ट्यांपैकी एकीतही त्याची आकृती बसत नाही. श्रद्धांजलीच्या लेखांत बहुधा सहाच नावे येतात. संख्या मात्र सात आहे, आणि निनाद मांडवगणे यांच्यावर लिहिणाराने ती सातच लिहिली पाहिजे.